मदत हवी आहे: निनावी माणसाचा त्रास, सगळ्यांना खरी नावं सक्तीची करावीत का?

सदाफुली:
टेलिग्रामवर फिट्सचा त्रास असणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी गट चालवते. टोपणनावाने लिहायची मुभा पहिल्यापासून आहे. आता कोणीतरी घुसलंय आणि लोकांना वाट्टेल ते बोलतंय. काढलं की नव्या नावाने हजर. सोबतचे संचालक म्हणतात, सगळ्यांची ओळखपत्रं घ्या, खऱ्या नावाशिवाय कोणाला बोलू देऊ नका. रविवारी निर्णय आहे. मला हे पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. लवकर सांगा प्लीज.

केदार_वि:
"वाट्टेल ते" म्हणजे नक्की काय? शिव्या, धमक्या, की खवचटपणा? धमक्या असतील तर स्क्रीनशॉट घेऊन थेट पोलिसांत जा. गट खुला आहे की खाजगी?

रानमोगरा:
ओळखपत्रं घ्या, डोळे मिटून. आमच्या ऑफिसात निनावी सूचना चालायच्या, नुसती चिखलफेक. नावं सक्तीची केली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं शांत.

अभ्यासू:
शांत म्हणजे चिखलफेक थांबली की सूचनाच थांबल्या? दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी ओळख पटवणं सक्तीचं केलं होतं. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या सेवेतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती सक्तीच रद्द केली. बेकायदा मजकूर फारसा घटल्याचं दिसत नाही, हे त्यातलं एक कारण होतं.

रानमोगरा:
कोरिया राहू द्या हो. इथे एका गटाचा प्रश्न आहे.

पाणकावळा:
ताबडतोब पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. माझ्या भावाचं खातं असंच गेलं होतं.

केदार_वि:
@पाणकावळा, त्यांचं खातं कोणी हॅक केलेलं नाही. धागा वाचा.

सदाफुली:
गट खुला आहे, शोधून कोणीही येऊ शकतं. धमक्या नाहीत. काल एका मुलीने विचारलं, लग्न ठरतंय, फिट्सचं आधी सांगू की नंतर? लगेच याचं उत्तर आलं, "तू ज्याच्या गळ्यात पडशील त्याचं नशीब फुटलं." तिने आपले जुने संदेशसुद्धा एकेक करून पुसले आणि गट सोडला. अशी मुलगी ओळखपत्र देईल का? कित्येकांच्या कामाच्या ठिकाणी आजाराचा पत्ता नाही.

मृणाल२:
मी दुसऱ्या एका आजाराच्या गटात टोपणनावानेच आहे. ओळखपत्र मागितलं असतं तर त्याच दिवशी बाहेर पडले असते. आणि ते फोटो राहणार कोणाच्या फोनमध्ये? तो फोन हरवला तर? एका दुष्टासाठी बाकी सगळ्यांना उघडं पाडणार का?

अभ्यासू:
हायफा विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी जोड्यांना चॅटवर वाद घालायला लावला. नाव लपवण्यापेक्षा समोरच्याशी नजरानजर नसल्यामुळे लोक जास्त उद्धट झाले. टोपणनावाला उगाच नावं ठेवू नका. लोकहितवादींनीही १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये टोपणनावानेच पत्रं लिहिली.

रानमोगरा:
लोकहितवादी कोणाच्या लेकीच्या लग्नावर घाव घालत नव्हते! त्या मुलीचं वाचून माझंच रक्त खवळलंय. म्हणून म्हणतोय, या माणसाला नाव विचारा.

पाणकावळा:
गटावर हेही सांगा, फिट आली की दातांमध्ये चमचा घालायचा, जीभ तुटत नाही.

मृणाल२:
अजिबात नको!! दात तुटतात, श्वास अडकू शकतो. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, वेळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर तातडीने रुग्णवाहिका. सदाफुली, वरचा प्रतिसाद कोणी खरा मानू नये म्हणून लिहिलं.

केदार_वि:
मूळ प्रश्नावर येऊ. तो नाव बदलून येतो म्हणता, तर त्या नावावर दाबल्यावर काय उघडतं? व्यक्तीचं प्रोफाइल की चॅनल (म्हणजे मालकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी वाचायचं असं टेलिग्रामवरचं पान)?

सदाफुली:
चॅनल. दर वेळी वेगळं. त्याने काय होतं? आम्ही संदेश पुसतो, तो परत येतो.

केदार_वि:
हेच आधी हवं होतं. खुल्या गटात आपल्या चॅनलच्या नावाने लिहिता येतं, त्याच्या आडून तो बोलतोय. नुसता संदेश पुसू नका, त्या चॅनलवर बंदी घाला. मग त्याला तुमच्या गटात आपल्या कुठल्याच चॅनलच्या नावाने लिहिता येणार नाही. स्वतःच्या खात्याने आला तर त्यावरही बंदी. पुढच्या खात्याला नवा नंबर लागतो. सोबत गट खाजगी करा आणि संचालकांच्या मंजुरीने प्रवेश देणारी लिंक ठेवा. मंजुरीआधी दोन प्रश्न विचारा, नाव विचारू नका.

रानमोगरा:
दुसऱ्या नंबरवरून येईलच.

केदार_वि:
येऊ दे. दाराशीच अडेल. ओळखपत्रं घेतली असती तर दुसऱ्याचं दाखवून आत आला असता.

सदाफुली:
बंदी घातली. मंजुरीची लिंक आज रात्री करते, रविवारी हेच मांडते. पण त्या मुलीला परत कसं बोलावू? गटावर जाहीर माफी मागू का?

मृणाल२:
जाहीर काही नको, सगळ्यांच्या नजरा पुन्हा तिच्याकडेच वळतील. खाजगीत लिहा, तो माणूस काढलाय एवढंच सांगा. आणि गटात लग्नाआधी आजार सांगितलेली कोणी असेल तर तिची परवानगी घेऊन दोघींना जोडून द्या. तिचा प्रश्न अजून तसाच आहे.