साडेतीन एकराला जुना एचएमटी ट्रॅक्टर: घ्यावा की भाड्याचाच बरा?

कोरडवाहू: सांगोला तालुक्यात आमची साडेतीन एकर. दीड एकर डाळिंब, बाकी ज्वारी, मका आणि जनावरांपुरतं कडवळ. आजवर सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर चाललंय. गेल्या रब्बीला परतीच्या पावसानंतर रान चौथ्या दिवशी वापशावर आलं, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर. ट्रॅक्टरवाल्याला फोन केला, "उद्या येतो" म्हणाला. असे सहा उद्या गेले. तो आला तोवर वरचा थर वाळून खडखडीत, आणि ज्वारी उगवली निम्मी.

आता शेजारच्या गावात एचएमटी २५११ विकायचा आहे. २५ एचपी, दोन सिलिंडर, ऐंशीच्या दशकातला. एक लाख दहा हजार सांगतोय, सोबत फणणी (मागं जोडायचा कल्टिव्हेटर) देतो म्हणतो. माझं काम हलकंच: पाळी (वरवरची कुळवणी), पेरणी, बागेत फवारणीचा ब्लोअर, शेणखताची ओढ. नांगरट पुढंही भाड्यानंच करणार. घरच्यांचं दोन्हीकडून चाललंय. वडील घे म्हणतात, बायको म्हणते भंगार दारात नको. तुम्ही काय म्हणता?

बांधावरचा: वहिनींचं ऐका.

आता हिशोब. पाळी, पेरणी, रोटर, खताच्या खेपा धरून साडेतीन एकराला वर्षाचं भाडं किती होतं तुमचं? अठरा-वीस हजार? एक लाख दहा हजार तर नुसता उंबरठ्यावर पाय ठेवायचा खर्च. मागच्या टायरची जोडी चाळीस हजारांच्या आसपास, बॅटरी सहा-सात हजार, क्लच प्लेट, ऑईल, नोझल हे वेगळंच. टायर गेलेले असतील तर पहिल्याच वर्षी गाडी पावणेदोन लाखांवर गेली समजा. त्यात नऊ वर्षांचं भाडं भागतं, आणि भाड्याचा ट्रॅक्टर बिघडला तर कपाळावर हात मारायचा तो त्याच्या मालकानं.

वखर: बांधावरच्यांनी हिशोब छान मांडला, त्यात ज्वारी मात्र कुठं दिसली नाही. निम्मी उगवण म्हणजे निम्मा कडबा पण गेला, आणि दावणीला दोन म्हशी असतील तर कडबा विकत घ्यायचा भाव काढून बघा. आमच्या काळ्या रानात वापसा दोन-तीन दिवस टिकतो. त्याच दोन-तीन दिवसांत अख्ख्या गावाला ट्रॅक्टर पाहिजे असतो, आणि ट्रॅक्टरवाला आधी दहा एकरवाल्याकडं जातो. त्याचं चुकत नाही, डिझेल जाळून तो अर्ध्या एकरासाठी का येईल? लहान शेतकऱ्याचा नंबर कायम शेवटी. दारात पंचवीस घोडे उभे असले की सकाळी ढेकूळ हातात घेऊन फोडायचं, बरोबर फुटलं की चावी फिरवायची. हे पैशात धरता येत नाही म्हणून हिशोबातून वगळायचं, हे मला पटत नाही.

बांधावरचा: चावी फिरवायची, खरंय. ती फिरवल्यावर सुरू झाला पाहिजे एवढंच. चाळीस वर्षांचा सेल्फ बरोबर वापशाच्या दिवशीच दगा देतो, हा माझा अनुभव. मी पण एक जुना घेतला होता. तीन हंगाम वापरला आणि त्यातले दोन वापसे मेस्त्रीच्या दारात गेले.

पाना-पक्कड: वीस वर्षं हेच काम करतोय म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

जुन्या ट्रॅक्टरचा मोठा गुण म्हणजे आत लपलेलं काही नाही. डिझेल पंप मेकॅनिकल, सेन्सर नाही, वायरिंग म्हणजे चार तारा. बिघाड डोळ्यांना दिसतो आणि पान्यानं निघतो. पण विकणारा पण हे जाणतो. रंग मारून, सीटला नवं कव्हर घालून, टायरला काळं पॉलिश लावून गाडी उभी करतो. तेव्हा रंग बघू नका.

न सांगता सकाळी जा. गेल्या गेल्या सायलेन्सरला हात लावा. कोमट लागला तर त्यानं तुमच्या आधी सुरू करून ठेवलाय, म्हणजे गार इंजिन चालू होत नाही. गार असेल तर सेल्फ मारायला सांगा. सुरुवातीला काळा धूर येऊन निवळला तर चालतं. निळा धूर येतच राहिला तर ऑईल जळतंय. मग ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीसमोर तळहात धरा. चालत्या इंजिनात तिथून रेल्वेसारखा धूर फुकत असेल तर लायनर-पिस्टन-रिंग गेल्या. इंजिन उतरवावं लागणार, भाव तिथंच पाडा नाहीतर घरी या.

त्यानंतर एअर फिल्टरची वाटी सोडवा. जुन्याला ऑईल बाथ असतो, तेलातून हवा गाळून आत जाते. वाटीत तेल असेल तर मालक नीट माणूस. वाटीत मातीची वडी झालेली असेल तर ती माती इतकी वर्षं इंजिननं खाल्लीय. माझ्या मते ही एक वाटी आरसी बुकापेक्षा जास्त खरं बोलते.

शेवटी लिफ्ट. फणणी जोडा, वर उचला, इंजिन बंद करा आणि चहा प्या. चहा संपेपर्यंत फणणी जमिनीला टेकली तर हायड्रोलिकचे सील नाहीतर सिलिंडर गेलेला. गिअर ऑईलची कांडी काढून बघा, तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे.

आणि तुमच्या गावापासून दहा किलोमीटरच्या आत एचएमटीला हात लावणारा मेस्त्री आहे का? नसेल तर हे सगळं बघून उपयोग नाही.

सायलेन्सर: नाना, वाटीचं भारी सांगितलंत. मी पुण्यात असतो, गावी जुना फोर्ड ३६०० उभा करून ठेवलाय, सुट्टीला गेलो की फिरवतो. एचएमटीबद्दल आदरानं बोला मंडळी. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरशी करार करून १९७१ ला हरियाणातल्या पिंजोरला हे ट्रॅक्टर सुरू झाले. घड्याळं करणारीच ही सरकारी कंपनी. तो दोन सिलिंडरचा डुगडुग आवाज नव्या ट्रॅक्टरला येणार आहे का?

बांधावरचा: आवाजानं पेरणी होत असती तर मी बँडवाला लावला असता. आणि पुढचं सांगायचं राहिलं तुमचं: एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग २०१६ ला बंद करायचा निर्णय झाला. म्हणजे कंपनीचा पार्ट नाही, मिळेल तो लोकल.

पाना-पक्कड: लोकल मिळतो, आणि बरा मिळतो. पण हे खरं आहे की त्याच किमतीत महिंद्राचा बी-२७५ किंवा मॅसी १०३५ सापडला तर मी तिकडं वळेन. त्यांचे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात टांगलेले असतात. जुन्यात ब्रँड आवडीवर घ्यायचा नाही, बाजाराच्या ठिकाणी कोणत्या पार्टचं दुकान आहे ते बघून घ्यायचा.

डाळिंबवाली: सगळे इंजिनात डोकं घालून बसलेत, बागेकडं कोणी बघेल का? कोरडवाहू दादा, तुमची लागण किती फुटांवर आहे? आमची १४ बाय १०. दोन ओळींत १४ फूट दिसतात, पण झाडं चार वर्षांची झाली की दोन्हीकडून फांद्या येऊन मधली वाट सहा-सात फुटांची राहते. त्यात मोठा ट्रॅक्टर घातला की मडगार्डला फांदी घासते, फूल गळतं, सेट झालेली फळं ओरखडतात. ओरखडलेलं फळ बाजारात कोणत्या भावानं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरं म्हणजे क्लच. जुन्याला सिंगल क्लच असतो. ब्लोअर चालू असताना ओळीच्या शेवटी वळायला क्लच दाबला की पीटीओ (ब्लोअर फिरवणारा मागचा शाफ्ट) पण थांबतो, फवारा बसतो, पहिली दोन झाडं कोरडी राहतात. तेल्या रोगाच्या दिवसांत अशी कोरडी झाडं परवडत नाहीत. मी स्वतः चालवते, म्हणून तिसरं पण सांगते: जुन्याचं स्टेअरिंग आणि क्लच पायाला-हाताला फार जड. तुमच्या वडिलांचं वय काय? चालवणार कोण?

मी १८ एचपीचा नवा मिनी घेतला. बागेत अंग चोरून जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज केला तर अल्पभूधारकाला आणि महिलेला सव्वा लाखापर्यंत अनुदान बसतं. अर्ज बायकोच्या नावानं भरा, भंगाराची तक्रारच मिटेल.

वखर: ताई, बागेचं सगळं मान्य. पण अनुदान आधी मिळत नाही हो. पूर्वसंमती येईपर्यंत थांबा, मग पूर्ण पैसे भरून घ्या, बिलं चढवा, मग कधीतरी खात्यात. तोवर कर्जाचा हप्ता सुरू. बागेला एक तेल्या लागला की हप्ता कुठून भरणार? हप्ता थकल्यावर ओढून नेलेले असे कितीतरी ट्रॅक्टर फायनान्सच्या यार्डात उभे आहेत. एक लाख दहा हजाराचा जुना निदान रात्री झोप तरी लागू देतो.

डाळिंबवाली: झोप लागते, पण सकाळी धक्का मारायला चार माणसं लागतात. 😀 हप्त्याचं बरोबर आहे. मी निम्मे पैसे साठल्यावरच घेतला.

शिक्का-मोर्तब: कागदाचं कोणीच बोललं नाही. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऐंशीच्या दशकातली गाडी म्हणजे ते किती वेळा झालंय की झालंच नाही ते आधी बघा. चेसिस नंबर चुन्यानं घासून आरसीशी ताडून बघा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, बोजा असेल तर फॉर्म ३५, दुसऱ्या जिल्ह्याचं पासिंग असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. विकणारा म्हणेल, "पाहुणं, कागदाचं बघू नंतर." नंतर कोणी बघत नाही. मूळ मालक वारला असेल आणि वारसांची नावं लागली नसतील तर हात जोडून परत फिरा.

बांधावरचा: आणि ट्रॉली घेऊन रस्त्यावर जाणार असाल तर इन्शुरन्स. जुन्याचे ब्रेक कोरडे, उतारावर भरल्या ट्रॉलीनं मागून ढकललं की काय होतं ते मी बघितलंय. पीटीओच्या शाफ्टवरचं कव्हर तर जुन्या गाडीला नव्वद टक्के नसतंच. धोतराचा सोगा, ओढणी, काही अडकायचं राहत नाही. ते नवं बसवून घ्या, एवढं तरी माझं ऐका.

कोरडवाहू: सगळ्यांचे आभार. ताई, लागण १४ बाय १० च आहे, आणि खरं सांगायचं तर मी मडगार्डचा विचारच केला नव्हता. वडील ६४ वर्षांचे, चालवणार मीच.

आज सकाळी साडेसहाला न सांगता गेलो. मालक दात घासत होता. सायलेन्सर गार लागला, जरा बरं वाटलं. तिसऱ्या सेल्फला सुरू झाला, धूर काळा आला आणि निवळला. ब्रीदरला हात धरला, ऊब लागली पण धूर नव्हता. मग वाटी सोडवायला पाना मागितला, तर मालकाचा चेहरा बदलला. म्हणाला, "ती गंजून बसलीय, सुटत नाही." मी म्हटलं बघतो तरी. हातानंच फिरली. आत निम्मी वाटी गाळ, वरून ताजं तेल ओतलेलं.

मी काहीच बोललो नाही. तोच म्हणाला, "पंच्याऐंशी हजाराला घेऊन जा."

नाना, पंच्याऐंशीला काय म्हणता?

पाना-पक्कड: सत्तर. आणि बागेत घालू नको.

डाळिंबवाली: मग फवारणी कशानं करणार?

कोरडवाहू: पाठीवरच्या पंपानं. आताही तेच करतोय, ताई.