कार्ड नाही, जॅक नाही आणि आईची ४३ जीबी कीर्तनं: ८०० रुपयांत काय करता येईल?

पाटावरची_पोळी (धागा)
आईसाठी नवा फोन घेतला, १२ हजारांचा. ६ जीबी रॅम, १२८ जीबी जागा, बॅटरी दीड दिवस. जुन्या फोनात ६४ जीबीचं मेमरी कार्ड होतं. त्यात ४३ जीबी कीर्तनं, हरिपाठ, काकडआरती, अभंग. नव्यात कार्डाची खाचच नाही. इयरफोनचा गोल जॅक नाही, एफएम नाही. खोक्यावर जे आहे त्याची यादी असते, जे नाही त्याची नसते. मी नसलेलं शोधलं नाही, चूक माझी.

सिस्टीम, जुने फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप जाऊन ३४ जीबी मोकळी आहे. आईला वायरवालाच इयरफोन हवा. गावी रेंजची बोंब, त्यामुळे ऑनलाइन ऐकणं बाद. रात्री फोन चार्जिंगला लावून ऐकायची सवय आहे. बजेट ८०० रुपये. कृपया दुसरा फोन सुचवू नका.

फोन_पारखी
दुसराच फोन घ्या. २० ते २५ हजारांत यूएफएस ३.१ (वेगवान) स्टोरेज आणि २५६ जीबी मिळते, कार्ड लागतच नाही. १२ हजारांत कंपनी कुठेतरी कात्री लावणारच. तुमचा '६ जीबी रॅम' तरी खरा आहे का, की ४ खरे आणि २ व्हर्च्युअल? व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचाच तुकडा. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, तेवढीच जागा सुटेल.

सोल्डरची_नळी
प्रश्न दोन आहेत, वेगळे ठेवा. जॅक आणि जागा.

जॅकसाठी टाइप-सी ते ३.५ मिमी डोंगल घ्या, पण आत डीएसी (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग करणारी चिप) असलेलंच. साध्या डोंगलमध्ये नुसत्या तारा असतात. फोननं स्वतः अ‍ॅनालॉग आवाज पोर्टवर सोडला तरच ते चालतं आणि आताचे बहुतेक फोन तो सोडत नाहीत. दुकानात ओळखायची युक्ती: डोंगल लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला लावा. साउंड सेटिंगमध्ये नवं उपकरण दिसलं तर आत डीएसी आहे. काहीच दिसलं नाही तर परत द्या, मग खोक्यावर 'हाय-फाय' लिहिलेलं असो की 'स्टुडिओ'. किंमत ३०० ते ५००.

त्याहून सोपं म्हणजे थेट टाइप-सी इयरफोन. बहुतेकांत डीएसी आतच असतो आणि मध्ये सांधा नाही, म्हणजे सैल व्हायची एक जागा कमी. काटकोनात वळलेली पिन घ्या, कुशीवर झोपल्यावर सरळ पिनेचा दाब पोर्टवर येतो.

तिखट_शेव
परत करा की! ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लावा.

सोल्डरची_नळी
@तिखट_शेव, कशाची तक्रार करणार? जाहिरातीत कार्डाची सोय लिहिली असती आणि फोनात नसती, तर ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याला परत घेणं टाळता येत नाही. इथे ती लिहिलेलीच नव्हती. न आवडणं हा दोष धरत नाहीत.

तिखट_शेव
म्हणून तर यांचं फावतं. २०२३ मध्ये केंद्राच्या आयटी मंत्रालयानं फोन कंपन्यांना एफएम चालू ठेवा म्हणून सूचना काढली होती, पण ती सूचनाच, सक्ती नाही.

मध्यमलहरी
एफएमबद्दल थोडं. फोनातल्या एफएमला इयरफोनची वायरच अँटेना म्हणून लागते. त्यामुळे जॅक गेला की एफएमही बहुधा जातो. आणि आईंना आकाशवाणीचं पुणे केंद्र हवं असेल तर ते मध्यम लहरींवर आहे, ७९२ किलोहर्ट्झ. कोणत्याही फोनचं एफएम ते पकडणार नाही. न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर आकाशवाणीची पुष्कळ केंद्रं आहेत, पण त्याला डेटा लागतो. नाहीतर मध्यम लहरींचा पट्टा असलेला छोटा ट्रान्झिस्टर.

गाणंखुळी
सारेगामाचं कारवां मराठी (आत गाणी भरलेला स्पीकर) घ्या ना! डोळे मिटून. आमच्याकडे आहे, रिमोटसकट.

पाटावरची_पोळी
@गाणंखुळी, बजेट ८०० आहे. कारवां त्याच्या कितीतरी पट.

गाणंखुळी
आईसाठी एवढं तर कराल.

दोन_सिमवाला
ओटीजी (थेट फोनला लागणारा) पेनड्राइव्ह घ्या. ६४ जीबीचा, एका टोकाला टाइप-सी. ४३ जीबी त्यात टाका, फोनची जागा वाचली. विषय संपला.

सोल्डरची_नळी
संपला कसा? पोर्ट एकच आहे. पेनड्राइव्ह लावला तर इयरफोन कुठे लावणार आणि चार्जर कुठे? पेनड्राइव्ह, आवाज आणि चार्जिंग तिन्ही एकदम हवं तर पीडी इनपुटवाला (म्हणजे चार्जरही लावता येणारा) हब लागतो. तो ८०० च्या वर जाईल आणि उशाशी लोंबकळत राहील. शिवाय काही कंपन्यांच्या फोनात ओटीजी दहा मिनिटं वापरलं नाही की आपोआप बंद होतं. दरवेळी सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं. आईंना हे जमेल?

चार्ज करता करता ऐकायला 'वाय' आकाराचा स्प्लिटर मिळतो: एक भोक चार्जिंगचं, एक इयरफोनचं. यातही डीएसी बघून घ्या. स्वस्तातल्या स्प्लिटरवर चार्जर चालू असताना कानात बारीक घूंऽऽ येते, ती चार्जरच्या वीजपुरवठ्यातून येते. आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवू नये, तापतो.

दोन_सिमवाला
माझ्या फोनात ओटीजी कधीच बंद होत नाही. काहीही.

बुरूज
विषय निघालाच आहे तर: १२ हजारांचा ५जी फोन असेल तर एसए (स्वतंत्र ५जी) की एनएसए (४जीवर टेकलेलं) ते पाहिलंत का? जिओचं ५जी एसए आहे. एअरटेलनं सुरुवात एनएसएवर केली, म्हणजे आधाराला ४जी लागतं. स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ सारख्या स्वस्त चिपमध्ये फक्त एसए आहे. एनएसए टॉवरखाली असा फोन ४जीच दाखवतो आणि लोक सिमवाल्याशी भांडत बसतात.

फोन_पारखी
+१. म्हणूनच म्हणतोय, २५ हजारांचा घ्या.

मध्यमलहरी
अहो, हरिपाठाला ५जी कशाला?

बुरूज
माहिती दिली. नको असेल तर सोडून द्या.

शून्य_डेसिबल
सगळे वस्तू विकत घ्यायला का धावताहेत? फायली लहान करा, फुकट काम आहे. हिशेब बघा.

३२० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) एमपीथ्री तासाला साधारण १४४ एमबी खातं. ४३ जीबी म्हणजे तीनेकशे तास. कीर्तनात बहुतांश बोलणं असतं, तेही एका माइकवर घेतलेलं. स्टीरिओचा (डावा-उजवा वेगळा आवाज) उपयोग शून्य. तेच ६४ केबीपीएस मोनोमध्ये (दोन्ही कानांना एकच आवाज) तासाला २९ एमबी. सगळा साठा ९ जीबीच्या आत बसतो. तुमच्या ३४ मध्ये तो मावून २५ उरतात.

कृती: कार्ड संगणकाला लावा, आधी सगळं जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. मूळ प्रत पुसायची नाही, कमी केलेला आवाज परत वाढत नाही. मग फ्रीएसी हे मोफत सॉफ्टवेअर. त्यात फोल्डर ओढून टाका, एन्कोडर लेम एमपीथ्री, बिटरेट ६४, मोड मोनो. आउटपुटमध्ये मूळ फोल्डरांची रचना कायम ठेवायचा पर्याय निवडा, नाहीतर तीनशे तासांची खिचडी होईल. आधी एकच फाइल करून ऐका.

एक सावधगिरी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या ओपस आणि जुन्या रेकॉर्डरच्या एएमआर फायली आधीच बारीक असतात. त्या ६४ वर नेल्या तर फुगतील. आकारानुसार लावून फक्त मोठ्या घ्या.

पखवाजी
६४ मोनो?! पखवाजाच्या डाव्या तोंडाचा, धुम्याचा घुमारा राहील एक वेळ, पण टाळांचं काय करणार? त्या बिटरेटला टाळ वाजत नाहीत, पत्र्यावर पाऊस पडतो. अभंग आणि काकडआरती १२८ स्टीरिओला ठेवा. प्रवचन, निरूपण ६४ ला चालेल.

शून्य_डेसिबल
हे मान्य. गाणं वेगळं, बोलणं वेगळं. १२८ म्हणजे मिनिटाला जवळपास १ एमबी. निम्मा साठा १२८ वर ठेवला तरी एकूण १३ जीबीच्या आसपास.

हायरेझ_हणमंत
एमपीथ्री २०२० नंतर कोण वापरतं? फ्लॅक (आवाज न गमावणारी फाइल) आणि एलडॅकवाला (ब्लूटूथवर जास्त दर्जाचा आवाज देणारा) हेडफोन. फरक ऐकल्याशिवाय कळणार नाही.

पखवाजी
मंदिरात मोबाइल समोर धरून घेतलेलं कीर्तन फ्लॅक केलं तर फक्त पंख्याचा आवाज स्वच्छ येईल.

काठीवाले_काका
आमचा सल्ला नेकबँडचा (गळ्यात घालायचा ब्लूटूथ इयरफोन). सुटी बोंडं हरवतात, नेकबँड गळ्यात राहतो. एका चार्जिंगवर तीस-तीस तास चालणारे आहेत, हजाराच्या आत. मात्र आईंना पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. टोकांना चुंबकं असतात आणि न वापरता ती नेमकी छातीवर लोंबतात. पेसमेकरपासून १५ सेंमी दूर ठेवायला सांगतात.

पाटावरची_पोळी
पेसमेकर नाही, पण आईला अजून एक चार्ज करायची वस्तू नको आहे. मोनोची युक्ती पटली. जागाही वाढवायची आहे, व्हॉट्सअ‍ॅपच १९ जीबी खातंय.

शून्य_डेसिबल
व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज. तिथे '५ एमबीपेक्षा मोठ्या' आणि 'अनेकदा फॉरवर्ड झालेल्या' अशा दोन वेगळ्या याद्या असतात. दुसरी आधी उडवा, सुप्रभात सगळा तिथेच असतो. मग ऑटो-डाउनलोडमधून व्हिडिओचा टिक काढा, नाहीतर महिनाभरात पुन्हा तेच.

आणि कार्ड फोनात रिकामं करायचं असेल तर टाइप-सी कार्ड रीडर घ्या, दीडदोनशे रुपये. सेकंदाला ३० एमबी धरले तर ४३ जीबीला २४ मिनिटं. फायली बारीक आणि पुष्कळ असतील तर जास्त.

उंबरठा
कोणी बोललंच नाही म्हणून: साधा बटणांचा फोन घ्या. जॅक, एफएम, कार्ड, तिन्ही असतात. पुष्कळ मॉडेलं सिम न घालताही गाणी वाजवतात. १२०० ते १५०० रुपये. गाण्यांना तो, बाकी कामांना नवा.

फोन_पारखी
डोंगलनं होणाऱ्या कामाला दुसरा फोन? हसावं की रडावं.

दोन_सिमवाला
दोन फोन, दोन चार्जर. म्हाताऱ्या माणसाला उगाच त्रास. पेनड्राइव्हच बरा.

सोल्डरची_नळी
मीही म्हणेन नको. मोनो करून फोनात भरा, वर टाइप-सी इयरफोन आणि स्प्लिटर. ८०० मध्ये बसतं.

हायरेझ_हणमंत
बटणाच्या फोनवर अभंग! पाप लागेल.

पाटावरची_पोळी
सगळ्यांचे आभार. बटणांचा फोन घेतला. :-) १३५० रुपये, ३२ जीबीचं कार्ड वेगळं. बजेट मीच मोडलं, आता बोलायला तोंड नाही. कारण एकच: अंधारात चष्म्याशिवाय पुढचं-मागचं बटण बोटाला लागतं. पडद्यावरचं लागत नाही. कीर्तनं ६४ मोनो, अभंग १२८ केले, सगळं १४ जीबी झालं. जुना वायरवाला इयरफोन लागला. एफएमही लागतो.

अडचण: फायली वाट्टेल त्या क्रमानं वाजताहेत. हरिपाठ मधूनच सुरू होतो. संगणकावर क्रम बरोबर दिसतो.

तिखट_शेव
एवढे तीस प्रतिसाद कशाला घेतले मग?

शून्य_डेसिबल
हा जुना रोग आहे. असे पुष्कळ फोन आणि कार्डवाले स्पीकर नावानुसार क्रम लावतच नाहीत. कार्डावरच्या फायलींच्या तक्त्यात फाइल ज्या क्रमानं नोंदली गेली त्याच क्रमानं वाजवतात. संगणक दाखवताना स्वतः क्रम लावून दाखवतो, म्हणून तिथे ठीक दिसतं. दोन उपाय: कार्ड फॅट३२ (फायली ठेवायची जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट करून फायली एकेक फोल्डर करत क्रमानं पुन्हा टाका, किंवा ड्राइव्हसॉर्टसारख्या छोट्या सॉफ्टवेअरनं तक्ताच लावून घ्या. आणि जुनं ६४ चं कार्ड यात घालू नका. ते एक्सफॅट (नव्या पद्धतीचं) असतं, पुष्कळ बटणफोन ते वाचत नाहीत.

पाटावरची_पोळी
ड्राइव्हसॉर्ट चालवलं. आता सुरुवात बरोबर होते, पण १ नंतर १० वाजतं, मग ११, मग २.

शून्य_डेसिबल
नावात शून्य लावा. ००१, ००२. शंभराच्या आत असतील तर दोन आकडी पुरे. नावं बदलून झाली की पुन्हा एकदा सॉर्ट.

पाटावरची_पोळी
झालं. काकडआरतीपासून क्रमानं लागलं.

फोन_पारखी
तरी सांगतो, पुढच्या वेळी २५ हजारांचा घ्या.