माया साराभाईवर आपण एवढं प्रेम का करतो?

नाट्यवेडा (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२५ मध्ये सतीश शाह गेले आणि आमच्याकडे 'साराभाई व्हर्सेस साराभाई' ही त्यांची विनोदी मालिका पुन्हा पहिल्या भागापासून सुरू झाली. बघता बघता एक प्रश्न डोक्यात पक्का बसला. इथे मालिकांवर जीव टाकणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून मांडतो.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईत कफ परेडला राहणारं गडगंज गुजराती कुटुंब. इंद्रवदन (सतीश शाह) निवृत्त आणि महाखोडकर. त्याची बायको माया (रत्ना पाठक शाह) म्हणजे उच्चभ्रू रीतिरिवाजांची चालतीबोलती मूर्ती. थोरला साहिल (सुमीत राघवन) कॉस्मेटिक सर्जन, त्याची बायको मोनिशा (रूपाली गांगुली) नोएडाच्या मध्यमवर्गीय पंजाबी घरातली. धाकटा रोसेश (राजेश कुमार) नट, कवी आणि आईचं शेपूट. साहिल-मोनिशा समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. स्टार वनवर २००४ ते २००६ चालली, तेव्हा टीआरपी यथातथाच होता. तिचं खरं कौतुक झालं ते नंतर, पुनःप्रक्षेपणातून आणि पुढे इंटरनेटवरून.

तर प्रश्न असा. माया मोनिशाला सतत घालूनपाडून बोलते. तिचा पसारा, तिचे कपडे, सेलमधून आणलेल्या वस्तू, काहीच सुटत नाही. 'मिडल क्लास' ही मायाच्या तोंडची सगळ्यात जहाल शिवी. सुनेचं मनीषा हे नावसुद्धा तिला खालच्या वर्गातलं वाटलं, म्हणून तिने त्याचं मोनिशा करून टाकलं. आणि हीच बाई दादर, डोंबिवली, चिंचवडच्या आपल्यासारख्या लोकांची लाडकी! असं कसं?

माझं उत्तर: त्या घरात मायाचा एकही वार बिनउत्तराचा जात नाही. इंद्रवदन तिथेच सोफ्यावर बसलेला असतो आणि तो नेहमी सुनेच्या बाजूने उतरतो. त्याच काळातल्या इतर मालिका आठवा. सासूने टोमणा मारायचा, सुनेने ओठ चावायचे, पार्श्वसंगीत तीनदा धाडकन वाजायचं. इथे सासऱ्याने बायकोची अशी फिरकी घेतलेली असते की टोमणा मारणारीच गोरीमोरी होते. शिवाय मोनिशाला स्वतःच्या काटकसरीची रत्तीभर लाज नाही. आज ओरडा खाल्ला तरी उद्या ती नवा डिस्काउंट शोधून हजर. माया तिला बदलू शकत नाही, आणि तरीही तिला घडवण्याचा नाद सोडत नाही. मनापासून तुच्छ मानणारा माणूस समोरच्याला सुधारायच्या फंदात पडत नाही, तो ओळखच दाखवत नाही. मायाला मोनिशा आपली वाटते, म्हणून तर एवढा जीव जळतो.

सई_ठाण्याची

मला माया कधीच आवडली नाही आणि याचं कारण तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी पाहुण्यांना स्टीलच्या वाट्यांतून श्रीखंड दिलं. सासरच्या नात्यातल्या एक बाई वाटी हातात फिरवत म्हणाल्या, "काचेचे बोल नव्हते का गं तुमच्याकडे? असू दे, ज्याची त्याची सवय." म्हणाल्या हसत, म्हणून चारचौघांत मलाही हसावं लागलं. माया बोलायला लागली की मला त्या वाटीवरून फिरणारी त्यांची बोटं दिसतात. आणि नंतर त्यांनी मला काय सांगितलं? "तू आपली, म्हणून बोलते."

मोनिशाला लागत नाही असं तुम्ही म्हणता. लेखकाने तिला लागू दिलं नाही, म्हणून लागत नाही. ही सोय प्रेक्षकाची आहे, मोनिशाची नाही. तिला एकदा जरी खरं रडू आलं असतं तर पुढच्या सगळ्या विनोदांवर हसणं अवघड झालं असतं. म्हणून तिची कातडी जाड ठेवली.

बॅकस्टेज

सईताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. पण लेखकाने पात्राची कातडी जाड ठेवली ही तक्रार होऊ शकत नाही, तो या प्रकारच्या विनोदाचा पायाच आहे.

ही मालिका गुजराती रंगभूमीवर वाढलेल्या लोकांनी केली. लेखक आतिश कपाडिया, निर्माते जे. डी. मजेठिया, दिग्दर्शक देवेन भोजानी (यंत्रांचा वेडा जावई दुष्यंतही तेच). त्याआधीची 'खिचडी' याच मंडळींची, आणि त्यात रत्ना पाठकांची सख्खी बहीण सुप्रिया पाठक हंसा होती. दोघी दीना पाठकांच्या मुली. या लोकांना एक गोष्ट पक्की माहीत होती: फार्समधलं पात्र शिकत नाही. दुष्यंत प्रत्येक वेळी यंत्रामागचं तंत्र समजावणार, कमी ऐकू येणारे मधुसूदन फुवा (आत्याचे यजमान) प्रत्येक वेळी "हैं?" विचारणार, रोसेश प्रत्येक वेळी कविता म्हणणार. काय होणार हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. कसं होणार एवढीच उत्सुकता उरते, आणि त्या वाट बघण्यातून जिव्हाळा तयार होतो.

रत्नाबाईंचं काम आवाज बंद करून एकदा पाहा. चेहऱ्यावरचं हसू हलत नाही. मान किंचित कलते, पापण्या अर्ध्या मिटतात. मग आवाज लावून पाहा. त्या आवाज चढवत नाहीत, उलट बोचरा शब्द जवळ आला की सूर खाली आणतात. 'बेटा' हा शब्द एवढा गोड लागतो की पुढचं विशेषण पोचायला क्षणभर उशीर होतो. आपण प्रेम करतो ते या कारागिरीवर. माया आपल्या घरी आली तर आपल्यापैकी कुणालाही नको असेल.

गिरगावकर_जुना

कारागिरी मान्य. पण 'लाडकं' म्हणायचं तर मी 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चं नाव घेईन. २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली, दिग्दर्शन केदार शिंदे. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका. दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरून घेतलेली, आणि आबाही तेच. तेव्हा त्यांनी साठीसुद्धा गाठली नव्हती, पण आमच्या चाळीतले म्हातारे त्यांना आपल्या कट्ट्यावरचाच समजत.

टिपऱ्यांच्या घरात कुणाला कमी लेखावं लागत नाही. शेखर चिडतो, श्यामला वैतागते, मुलं आपापल्या नादात असतात, आबा मधे नाक खुपसतात. हसू येतं ते ओळख पटल्यामुळे. राजन भिसे आणि शुभांगी गोखले नवरा-बायको म्हणून जे धुसफुसत बोलत, ते शेजारच्या खोलीतून ऐकू आल्यासारखं वाटे. साराभाई बघताना मी हुशार लोकांचा हजरजबाबीपणा बघतो. टिपरे बघताना घरी असतो.

नाट्यवेडा

टिपरे मलाही प्रिय आहे. पण निव्वळ ओळख पटणं पुरेसं असतं तर कफ परेडच्या त्या दिवाणखान्याशी आपलं जुळायला नको होतं. मी त्या भागातल्या कुठल्याही इमारतीच्या लिफ्टपुढे गेलेलो नाही. तरी इंद्रवदनला पाहिलं की वाटतं, या माणसाला मी जन्मभर ओळखतो. सतीश शाह काय करत ते पाहा. खोडी काढण्याआधी ते हळूच सगळ्यांच्या चेहऱ्यावरून नजर फिरवतात, आणि खोडी साधली की सगळ्यात आधी स्वतःच खूश होतात. १९८४ च्या 'ये जो है जिंदगी'त दर भागात वेगळं सोंग घेणारा हा नट. इथे एकाच सोंगात एवढा स्थिरावला की पन्नाशी उलटलेला बाप घरातलं सगळ्यात लहान मूल वाटतो.

कोथरूडची_मुक्ता

आणि ते 'लहान मूल' सगळ्यात जास्त कुणाला छळतं? स्वतःच्या मुलाला. रोसेशचा आवाज, चेहरा, कविता, नाटकं, सगळ्याची बाप येताजाता टर उडवतो. मायावर इतकं लिहिलंत, इंद्रवदनला मात्र सगळ्यांनी सरसकट माफ केलं. तो मोनिशाची बाजू घेतो हे खरं, पण त्याला मायाला हरवण्यात जास्त रस आहे की मोनिशाला सावरण्यात, हे मला कधीच कळलं नाही.

मधुसूदन फुवांच्या "हैं?"वर मला हसता येत नाही. माझ्या वडिलांना कानाचं मशीन आहे. लग्नकार्यात त्यांना तीनदा विचारावं लागतं आणि चौथ्यांदा विचारायची लाज वाटून ते नुसती मान डोलावतात. एवढं ताकदीचं लिहिणाऱ्यांना ऐकू न येण्याच्या आधाराची गरज नव्हती.

बॅकस्टेज

मुक्ताताई, फुवांबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. ती सोपी वाट होती. रोसेशबद्दल मात्र वाद घालतो. बापाच्या छळाने रोसेशने कविता लिहिणं थांबवलं का? उलट दर भागात तो नव्या उत्साहाने वही उघडतो. राजेश कुमारने त्याला जो घशातला, रेकणारा आवाज दिला त्यात न्यूनगंड औषधालाही नाही. घरात एक माणूस, त्याची आई, त्याला महान कवी मानते आणि त्याला तेवढं पुरतं. मी हौशी नाटकात वर्षानुवर्षं असे रोसेश पाहिलेत. वाईट लिहिणारे, पण लिहिणं न सोडणारे. त्यांच्यावर जीव जडतोच.

सात_बावीसची_लोकल

सगळ्यांनी सगळ्यांबद्दल लिहिलं, साहिलला एक ओळसुद्धा नाही! माझ्या मते साराभाई लाडकी झाली ती त्याच्यामुळे.

साहिलला मजेदार वाक्यं सगळ्यात कमी आहेत. तो फक्त भांडणातला पंच, म्हणजे अंपायर असतो. आई चुकतेय हे त्याला दिसतं, बायको चुकतेय हेही दिसतं, बाप आगीत तेल ओततोय हेही. दमलेल्या चेहऱ्याने तो समोरच्या फ्लॅटमधून इकडे येतो आणि इकडून तिकडे जातो. प्रेक्षकाला त्या वेड्यांच्या बाजारात उभं राहायला एक जागा लागते, ती जागा म्हणजे साहिल. सुमीत राघवनला आपण दूरदर्शनवर फास्टर फेणे म्हणून पाहिलंय. मराठी घरातला ओळखीचा मुलगा त्या गुजराती महालात उभा असल्यामुळे आपल्यालाही आत जाता आलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पुढे २०२१ मध्ये मजेठियांनीच 'वागले की दुनिया' नव्याने आणली, तेव्हा धाकटा वागले म्हणून सुमीतच आला. मूळच्या अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकरांच्या शेजारी तो इतका सहज मिसळला, कारण शहाण्या, सोसणाऱ्या मुलाचं काम त्याने साहिल म्हणून केलंच होतं.

आता धागाकर्त्याला एक प्रश्न. पात्रं बदलत नाहीत म्हणून आवडतात, तर २०१७ मध्ये हॉटस्टारवर दुसरा सीझन आला तो का पडला? नट तेच, लेखक तोच, माया तशीच, रोसेश तसाच.

नाट्यवेडा

चांगला प्रश्न आहे. मला वाटतं दुसऱ्या वेळी पात्रांना आपण लोकप्रिय असल्याचं कळलेलं होतं. पहिल्या मालिकेत रोसेशची कविता प्रसंगातून निघायची. मायाला कशाचं तरी दुःख झालं, रोसेशला भरून आलं, वही निघाली. दुसऱ्या सीझनमध्ये चाहते कवितेची वाट बघतायत म्हणून कविता यायची. मोनिशाची काटकसरही तशीच फुगवलेली. पहिल्या मालिकेतली मोनिशा घासाघीस करायची तेव्हा तिला खरोखर पैसे वाचवायचे असायचे. पात्र बदललं नाही, पण त्याची गरज गेली आणि फक्त लकब उरली. बॅकस्टेज, तुमच्या फार्सच्या नियमाला मी एवढी पुस्ती जोडेन की पात्र शिकत नसलं तरी त्याला काहीतरी जिवापाड हवं असलं पाहिजे.

गिरगावकर_जुना

हे बाकी शंभर टक्के पटलं. आबांनाही घरातल्या प्रत्येक गोष्टीत आपलं मत विचारलं जायला हवं असतं. तेवढंच हवं असतं, पण जिवापाड.

सई_ठाण्याची

नाट्यवेडा, 'जिवापाड हवं असणं' हे तुमचं मला आवडलं आणि त्यावरूनच माझं म्हणणं जास्त स्पष्ट करते. मोनिशाला नक्की काय हवंय? चार पैसे वाचवायचेत, टीव्हीवरच्या मालिका बघत पाय वर घेऊन बसायचंय, नवऱ्याने दोन शब्द गोड बोलायला हवेत. हे मला कळतं. त्या फ्लॅटमध्ये ती पसारा करून राहते, कारण ते तिचं घर आहे आणि ती ते कुणाला दाखवण्यासाठी मांडत नाही. मला मालिका आवडते ती तिच्यासाठी. मायाला काय हवंय? मोनिशा दुसरी कुणीतरी व्हायला हवी. तुम्ही याला आपलेपणा म्हणता, मी म्हणत नाही. माया नसती तरी मी मोनिशाची मालिका पाहिली असती. मोनिशा नसती तर मायाची दोन मिनिटंही पाहिली नसती.

नाट्यवेडा

सईताई, मोनिशाबद्दल तुमच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. फक्त एवढं सांगा, माया नसती तर मोनिशाची ती निगरगट्ट मजा दिसली असती का? बिनविरोध घासाघीस करणारी बाई म्हणजे नुसती काटकसरी बाई. मायासमोर उभी राहून, तिच्या मुलायम आवाजाला न बिचकता, "मम्मीजी, सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळालं!" असं आनंदाने सांगू शकते, तेव्हाच ती मोनिशा होते.

सई_ठाण्याची

म्हणजे सुनेचं तेज दिसायला सासूची सहाण लागते, असंच ना? हे वाक्य मी माहेरी-सासरी दोन्हीकडे ऐकलंय आणि मला ते दोन्हीकडे पटलेलं नाही.

कोथरूडची_मुक्ता

सई, +१. इंद्रवदनचं मात्र अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. त्याला मोनिशाची बाजू घ्यायची असते की मायाची जिरवायची असते?

सात_बावीसची_लोकल

दोन्ही. आणि त्यातलं कुठलं आधी, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसावं. आज रात्री पहिले पाच भाग याच एका प्रश्नासाठी पुन्हा बघतो आणि उद्या लिहितो.