सेगा म्हणजे 'हॉटेलातला नाच' नव्हे!

पिठलंभाकरी: परवा इथे एकाने मॉरिशस सहलीचा लेख टाकला. सगळा समुद्रच, आणि शेवटी एक ओळ: "रात्री हॉटेलात सेगा नावाचा बेली डान्ससारखा प्रकार असतो, बरा आहे." बरा आहे? अहो, उसाच्या मळ्यांवर राबवलेल्या आफ्रिकेतल्या आणि मादागास्करच्या गुलामांचं गाणं आहे ते! २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. तुम्ही फुलाफुलांचे घेरदार घागरे आणि की-बोर्ड बघून आलात. मूळ सेगा चालतो रावानवर, म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेल्या बकऱ्याच्या कातड्यावर. वाजवायच्या आधी शेकोटीशी धरतात, कातडं तापून ताणलं की आवाज उघडतो. जोडीला मारावान, बिया भरलेली चपटी पेटी, आणि लोखंडी त्रिकोण. पाय उचलायचे नाहीत, जमिनीला घासत सरकायचं.

सहलवाला: तो लेख माझाच. आठ दिवसांची सहल, दोन पोरं बरोबर, मी काय शेकोट्या हुडकत फिरू? आपण तरी लावणी फडात जाऊन बघतो का? टीव्हीवरच ना? बाकी तिथली ढोल पुरी झकास. आपली पुरणपोळीच, गूळ घालायचा राहिलेली.

तव्यावरची: पुरणपोळी?? सेगाचं काय ते तुम्ही बघून घ्या, पण हे नाही चालणार. ती दालपुरी, गिरमिटिया, म्हणजे कराराने मजुरीला नेलेल्या, भोजपुऱ्यांनी नेलेली. डाळ शिजवून कोरडी, भुरभुरीत वाटतात, पारीत भरून पातळ लाटतात, तव्यावर भाजतात. नावात पुरी असून तळत नाहीत. डाळीच्या पाण्यात पीठ मळलं की पोळी मऊ राहते. मी घरी करते, तीनदा फाटल्यावर चौथी जमली.

कोकणातला: म्हणजे सगळं बिहारचंच? रत्नागिरीकडची माणसं काय रिकाम्या हाताने बोटीत चढली होती? आमच्या आजोबांचे चुलते गेले ते परत आलेच नाहीत.

तव्यावरची: चुलते गेले म्हणून पुरण गेलं, हा कुठला पुरावा?

कोकणातला: आणि तुमची चौथी पोळी हा पुरावा?

पिठलंभाकरी: अहो, धागा सेगाचा आहे.

कास्काव्हेलची: मी तिथलीच, मराठी घरातली. घरात क्रिओल, म्हणजे तिथली बोली, बोलतो, मराठी शाळेत शिकलो, चुका पोटात घाला. ढोल पुरी आम्ही जोडीने घेतो, वर घेवड्याची करी, टोमॅटोची रुगाय, मिरचीचा ठेचा, कागदात गुंडाळून रस्त्यावरच खायची. तिला पुरणपोळी म्हटलं तर माझी आजी हसली असती. कोकणातून आला तो आमच्याकडे झाकरी नाच. गणपतीत करतो, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

आता हॉटेलाचं. माझा भाऊ सहा वर्षं हॉटेलात रावान वाजवत होता, कातडं प्लास्टिकचं. दमट हवेत बकऱ्याचं सैल पडतं आणि हॉटेलच्या लॉनवर जाळ करू देत नाहीत. घरी मात्र बकऱ्याचंच. जुन्या लाकडी कपाटावर ठेवलेलं असायचं, हात लावला तर ओरडायचा. पैसे हॉटेलातूनच यायचे. त्याला कुणी 'खोटा कलाकार' म्हटलेलं मला आवडणार नाही.

पिठलंभाकरी: मी कलाकाराला खोटं म्हटलं नव्हतं. पण ठीक आहे, हॉटेलवाल्यांवर जरा जास्तच तोंड सोडलं, मान्य. बेली डान्स मात्र मागे घ्या.

सहलवाला: घेतला. 'बरा आहे'च्या जागी 'फार बरा आहे' करतो, समाधान?

कोकणातला: झाकरी म्हणजे आमची जाखडीच ना? घुंगरू बांधून, रिंगण धरून? सांगितलं होतं ना, रिकाम्या हाताने गेले नव्हते!

तव्यावरची: जाखडी तुमची, घ्या. पुरी नाही.

सहलवाला: ताई, पारीला मैदा की कणीक?