मदत हवी आहे: शिरवाळ्यांचा लाकडी 'घोडा' पुन्हा वापरात आणायचाय

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळच्या जुन्या घराच्या माळ्यावर शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवयांचा, लाकडी साचा सापडलाय. कोरून चक्क घोडा केलाय त्याचा! वळवलेली मान, गळ्यात घुंगरांची माळ आणि तोंडावर फुकट राबवून घेतल्याचा वैताग. पाठीत उभं भोक, पोटाखाली छिद्रांची पितळी चकती. मानेतल्या खुंटीला अडकवलेला दांडा शेपटीच्याही पुढे जातो, त्यालाच दट्ट्या. उकडलेला गरम गोळा भोकात टाकून दांडा दाबायचा. लाकूड फणसाचं वाटतंय.

मुख्य अडचण किडीची. मागच्या पायांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत. रात्री खाली काळा कागद पसरला, तर सकाळी त्यावर पिठासारखा भुसा. म्हणजे कीड जिवंत आहे. सुतार म्हणतो, औषध भरू आणि वरून झकास पॉलिश मारू. शोकेसमध्ये ठेवायचा असता तर हरकत नव्हती, पण यातून वाफाळत्या शिरवाळ्या काढून नारळाच्या रसात बुडवायच्यात. कडक उन्हात ठेवावा तर लाकूड तडकायची भीती. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे २० अंशांत दोनेक आठवडे ठेवतात म्हणे. कुणी केलंय का? घरच्या फ्रीजमध्ये घोडा मावत नाही. ओळखीचा मासळीवाला बर्फखान्यात जागा देईल, पण मग शिरवाळ्यांना बांगड्याचा वास!

बाहेरून तेल कुठलं लावू? शेंगदाण्याचं खवट होतं. जवसाचं चांगलं मुरून सुकतं, पण हार्डवेअरच्या दुकानातल्या जवस तेलात लवकर सुकायला रसायनं घातलेली असतात, ते नकोच. खाण्याचं, घाण्यावरचं जवस तेल कुणी लाकडाला लावलंय का? सुकायला किती दिवस गेले?

चकतीवरचा हिरवा थर चिंच-मिठाने निघेल. पण जुन्या पितळेत शिसं असू शकतं, म्हणून स्टीलची नवी चकती करून घ्यावी म्हणते. खुंटीही झिजलीये. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत, पण असलं दुरुस्तीकाम त्या भागात कोण करतं?

'पुण्याच्या केळकर संग्रहालयाला देऊन टाक' हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तेव्हा तो सोडून बाकी सगळं सांगा. गणपतीत पाहुणे येतात, त्याआधी निदान एक घाणा काढून बघायचाय. फोटो लागले तर प्रतिसादात टाकते.