मिक्स्ड हिअरिंग लॉस: हाडावरचं इम्प्लांट की मिडल इअरचं?

प्रश्न:
नमस्कार. दोन्ही कानांना मिक्स्ड लॉस आहे (म्हणजे आवाज आत पोचायलाही अडथळा आणि आतली नसही कमजोर), लहानपणापासून कान फुटायचा, उजव्या कानाचं कोलेस्टीटोमासाठी (मधल्या कानात कातडी वाढून हाड पोखरणारा आजार) मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन झालंय. साधं मशीन लावलं की साच्यामुळे हवा कोंडते आणि कान परत वाहायला लागतो, मग औषध, मग मशीन बंद, हे चक्र काही संपत नाही. आता ईएनटी म्हणतायत इम्प्लांट करा. बाहा, पॉन्टो, ओसिया, बोनब्रिज, साउंडब्रिज एवढी नावं दिलीत. ऐकण्याच्या तपासणीत उजव्या कानात हवेची रेघ (कानातून दिलेला आवाज) ८० डेसिबलच्या आसपास आणि हाडाची (कानामागच्या हाडातून दिलेला आवाज) ४०-४५. यातलं काय बघून ठरवायचं? कोणी वापरत असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
मी ऑडिओलॉजिस्ट आहे. ताई, नावं जरा बाजूला ठेवा आणि आधी हाडाची रेघ बघा, कारण ही इम्प्लांट्स बाहेरच्या आणि मधल्या कानाला वळसा घालून आवाज थेट आत पोचवतात, म्हणजे तो ८० चा आकडा इथे फारसा आड येत नाही, भरून काढायचं ते ४०-४५ चं. आता कंपन्यांनीच दिलेली मर्यादा बघा, बोनब्रिज हाडाच्या ४५ पर्यंत, ओसिया ५५ पर्यंत, आणि पॉन्टोचा सुपरपॉवर प्रोसेसर ६५ पर्यंत. तुम्ही बोनब्रिजच्या अगदी काठावर आहात. आज चालेल हो, पण मिक्स्ड लॉसमध्ये आतली नस वयाबरोबर आणखी उतरू शकते आणि आत बसवलेली मोटर काही बाहेरच्या प्रोसेसरसारखी बदलता येत नाही. म्हणून जुने ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचे आलेख, शोधा, हाडाची रेघ गेल्या काही वर्षांत किती खाली आली ते समजलं की अर्धा निर्णय तिथेच होतो.

साउंडब्रिज वेगळ्या जातीचं आहे, त्यातला बारीक मोटरचा तुकडा कानातल्या हाडांवर नाहीतर राउंड विंडोवर (आतल्या कानाच्या बारीक खिडकीवर) बसवतात. उंच स्वरांना छान ताकद देतं, पण तो तुकडा नीट टेकला की नाही यावर सगळं अवलंबून. आणि कान पूर्ण कोरडा पाहिजे, वाहत्या कानात नाही करत.

प्रतिसाद २:
मी स्क्रूवालं (बाहा-पॉन्टोच्या जातीचं) वापरतोय, म्हणजे कानामागे टायटॅनियमचा खुंटा कातडीबाहेर असतो आणि त्यावर प्रोसेसर टक्कन बसतो. आवाज एकदम दणकट, मध्ये कातडी येतच नाही ना. त्रास एकच, खुंट्याभोवतीची कातडी रोज मऊ ब्रशने साफ करावी लागते, आळस केला की लाल होते, खपली धरते, कधी पू पण येतो. ज्यांची कातडी आधीच चिडचिडी आहे त्यांनी हा विचार नक्की करा.

प्रश्न विचारणारी:
खूप आभार दोघांचे. सॉफ्टबँडवर (ऑपरेशनशिवाय, डोक्याला पट्ट्याने प्रोसेसर बांधून) ट्रायल घेतली, बरं वाटलं पण स, श असे आवाज दबल्यासारखे आले. ऑपरेशननंतर पण असंच राहणार का?

प्रतिसाद १:
नाही, सॉफ्टबँडमध्ये कंपन कातडीतून जातं आणि तिथे वरचे स्वरच जास्त मरतात, दहा-पंधरा डेसिबल सहज. खुंटा असो किंवा ओसियासारखं आतून हलणारं, त्यात ही गळती होत नाही. पण नुसत्या लोहचुंबकाने चिकटणारं जुन्या पद्धतीचं असेल, जिथे मोटर बाहेरच असते, तर थोडं दबकंच राहतं. तुमच्या आकड्यांना ते मी सुचवणार नाही.

प्रतिसाद ३:
एक गोष्ट कोणी बोललंच नाही म्हणून लिहितेय, आणि ताई हे डॉक्टरांना नक्की विचारा. कोलेस्टीटोमा परत आलाय का हे बघायला एमआरआय करतात. ओसिया, बोनब्रिज, साउंडब्रिज सगळ्यांत आत लोहचुंबक असतो, एमआरआयचं मशीन किती टेस्लाचं (म्हणजे किती ताकदीच्या चुंबकाचं) चालेल ते मॉडेलवर ठरतं, आणि चाललं तरी चुंबकाची काळी सावली नेमकी त्याच कानावर पडते, म्हणजे जे बघायचं तेच झाकलं जातं. खुंट्याला आत चुंबक नसतो, प्रोसेसर काढून ठेवला की झालं, सावली पण छोटी. मला स्वतःला कातडीबाहेर काही नको होतं, मी ओसिया घेतलं आणि खूश आहे, पण माझ्या कानात कोलेस्टीटोमा कधी नव्हता. तुमच्या जागी असते तर आधी सर्जनला विचारलं असतं की पुढची पाच-दहा वर्षं या कानावर नजर कशी ठेवणार, एमआरआय लागणार असेल तर खुंटाच घेतला असता.

प्रश्न विचारणारी:
हे तर कोणीच सांगितलं नव्हतं! पुढच्या भेटीत जुने ऑडिओग्राम घेऊन जाते आणि एमआरआयचं आधी विचारते.