मदत हवी आहे : भाऊ मेडिकलवर कामाला आहे, पण फार्मासिस्ट नाही. त्यानं काउंटरवर काय करावं, काय करू नये?

रानहळद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझा धाकटा भाऊ मेडिकलवर कामाला आहे. बारावी सायन्स केली, पुढं शिकवायची घरची ऐपत नव्हती. शेती कोरडवाहू, कपाशी आणि तूर. म्हणून काउंटरला लागला आणि तिथंच रमला. आता बरीच वर्षं झालीत.

काम तो जीव लावून करतो, हे बहीण म्हणून नाही तर पाहिलेलं सांगते. कुणाला पाचच गोळ्या हव्या असल्या तर उरलेल्या स्ट्रिपवर बॅच नंबर आणि एक्स्पायरी शिल्लक राहील अशी कापतो. दिलेल्या गोळ्या कागदी पाकिटात घालून वर तारीख लिहितो. वाचता न येणाऱ्या बायांसाठी पाकिटावर सकाळचा सूर्य आणि रात्रीचा चंद्र काढून देतो. लाइन गेली की पहिल्यांदा फ्रिजमधल्या इन्सुलिनकडं धावतो.

पण त्या दुकानात ज्यांचं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलं आहे ते नागपूरला राहतात. दुकानात क्वचितच येतात. चिठ्ठी वाचणं, औषध काढणं, कसं घ्यायचं ते सांगणं, हे सगळं भाऊच करतो. आता मालक म्हणतात की रजिस्टरमध्ये फार्मासिस्टच्या नावानं सहीही तूच करत जा. भावाला ते पटत नाही, पण नोकरीचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट. मागं एका खाजगी संस्थेनं त्याच्याकडून भरपूर फी घेऊन सहा महिन्यांचा 'फार्मसी टेक्निशियन' कोर्स करून घेतला. परदेशात टेक्निशियनला लायसन्स असतं, आपल्याकडंही या सर्टिफिकेटवर नोंदणी होते, स्वतःचं मेडिकल टाकता येतं, असं सांगितलं होतं. ते सर्टिफिकेट घरी फ्रेम करून ठेवलं आहे.

आणि खरी काळजी तिसरीच. मालकांना शेजारच्या गावात दुसरं दुकान काढायचं आहे. म्हणतात, "सर्टिफिकेट मी कुणाचं तरी भाड्यानं आणतो, दुकान तू चालव, नफ्यात हिस्सा देतो." भाऊ खूश आहे. घरातले म्हणून राहिले की संधी चालून आली, तू कायले अडवतं? मला मात्र झोप लागत नाही. उद्या औषधात काही चूक झाली, कुणाच्या जिवावर बेतलं, तर भाड्याचं सर्टिफिकेट देणारा पुढं येईल की काउंटरवर उभा असलेला माझा भाऊ?

नियम माहीत असणाऱ्यांनी कृपया नीट सांगावं. फार्मासिस्ट नसलेल्या माणसानं मेडिकलमध्ये कायद्यानं कोणती कामं करावीत आणि कोणती मुळीच करू नयेत? त्या कोर्सला काही किंमत आहे का? आणि त्याला याच कामात पुढं जायचं असेल तर सरळ रस्ता कोणता?

---

पांढरा एप्रन

ताई, मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, वर्धा जिल्ह्यात. तुमची काळजी अगदी रास्त आहे.

आधी कोर्सचं. आपल्या देशात औषध देण्यासाठी कायद्यानं एकच नोंदणी आहे, फार्मासिस्टची. 1948 च्या फार्मसी कायद्याखाली राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडं नाव लागतं आणि त्यासाठी किमान मान्यताप्राप्त डी. फार्म., म्हणजे फार्मसीची पदविका, लागतं. टेक्निशियन नावाची नोंदणी आपल्या कायद्यात नाही. परदेशाबद्दल संस्थेनं सांगितलं ते त्या देशांपुरतं खरं आहे. ब्रिटनमध्ये 2011 पासून टेक्निशियनची नोंदणी सक्तीची आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं फार्मसी बोर्ड आपापले नियम ठरवतं, आणि तिथंही टेक्निशियन फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच काम करतो. इथं सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर नोंदणीही होत नाही आणि मेडिकलचं लायसन्सही मिळत नाही. मदतनीस म्हणून काम शिकायला तो कोर्स उपयोगी पडला असेल, तर तेवढाच.

आता काम. त्याच कायद्याचं कलम 42 सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करणं, मिसळणं आणि देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टनंच करायचं. औषधांच्या 1945 च्या नियमांत नियम 65 आहे. त्यात चिठ्ठीवरची विक्री फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावी असं आहे. प्रत्यक्ष देखरेख म्हणजे माणूस दुकानात हजर. नागपुरातून फोनवर ती होत नाही.

म्हणजे फार्मासिस्ट शेजारी उभा असेल तर तुमचा भाऊ पुष्कळ काही करू शकतो. आलेला माल बिलाशी ताडून घेणं, बॅच आणि एक्स्पायरी तपासणं, रॅक लावणं, मुदत संपत आलेला माल वेगळा काढून परत पाठवणं, फ्रिजचं तापमान 2 ते 8 अंशांत आहे का ते बघून लिहिणं, बिल करणं, ऑर्डर देणं. चिठ्ठीवरचं औषध काढून फार्मासिस्टपुढं ठेवायलाही हरकत नाही. त्यानं ते पाहायचं, रुग्णाला समजावायचं आणि मग द्यायचं. सूर्य-चंद्राची पाकिटं त्यानं जरूर करावीत, फक्त डोस फार्मासिस्टनं सांगितलेला असावा.

एकट्यानं चिठ्ठी वाचून औषध देऊ नये. डोस स्वतः ठरवू नये. "हे नाही, पण हेच दुसऱ्या कंपनीचं आहे" म्हणून बदलून तर मुळीच देऊ नये. शेड्यूल एच, एच 1 आणि एक्स, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या कायद्यातल्या याद्या, यांमधल्या औषधांत चिठ्ठीवर जी कंपनी लिहिली आहे ती परस्पर बदलायची फार्मासिस्टलाही मुभा नाही, डॉक्टरांना विचारावं लागतं. हे पुष्कळ जुन्या दुकानदारांनाही ठाऊक नसतं.

आणि सही. ताई, त्याला आजच सांगा की दुसऱ्याच्या नावानं एकही सही करायची नाही. शेड्यूल एच 1 चं रजिस्टर 2014 पासून सुरू झालं. सेफिक्सिम, लेव्होफ्लॉक्सॅसिन, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, टीबीची औषधं ही त्यातली. प्रत्येक विक्रीला रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. ड्रग इन्स्पेक्टर आले की आधी तेच मागतात. फार्मासिस्ट नागपुरात असल्याच्या दिवशीची सही तिथं दिसली, तर ती कुणाच्या हातची आहे हा प्रश्न येणारच.

---

बैलबंडी

नियम बरोबर आहेत, पण आमच्याकडं बहुतेक दुकानं अशीच चालतात. फार्मासिस्ट खेड्यात राहायला तयार नसतात. दुकान बंद झालं तर रात्री लेकराला ताप आल्यावर माणसानं तीस किलोमीटर जायचं का? तुमच्या भावासारखी पोरं आहेत म्हणून खेडी तगून आहेत. मालकाची ऑफर घ्यावी आणि सांभाळून काम करावं, असं माझं मत.

---

पीएचसी डॉक्टर

बैलबंडी, तुमची अडचण खरी आहे, आम्ही ती रोज पाहतो. पण "सांभाळून" म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगतो.

फवारणीच्या दिवसांत शेतावरून माणूस थेट मेडिकलवर येतो. घाम, मळमळ, चक्कर. म्हणतो, "उलटीची गोळी दे, उन्हानं झालं असंन." काउंटरवरचा पोरगा चांगल्या मनानं गोळी देतो. माणूस घरी जाऊन निजतो. रात्री लाळ सुटते, छाती भरते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, आणि तेव्हा त्याला आमच्याकडं आणतात. सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकांच्या विषबाधेत त्यावरचा उतारा, अॅट्रोपिन, वेळेवर सुरू होणं महत्त्वाचं असतं, आणि मधले तास त्या गोळीनं खाल्लेले असतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त माणसं गेली, ते आम्ही कुणी विसरलेलो नाही.

ताई, भावाला एवढं सांगा की फवारणी करून आलेल्या माणसाला गोळी नाही, गाडी करून द्यायची. 108 ला फोन लावायचा. तसंच चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक नाही, झोपेची गोळी नाही. तो हुशार आहे हे त्या पाकिटांवरूनच कळतं. म्हणूनच लोक त्याला "डॉक्टर" म्हणायला लागतील, आणि तिथंच जपायला हवं.

रात्रीच्या तापाबद्दल म्हणाल, तर आशाताईंकडं पॅरासिटामॉल आणि ओआरएस असतं. शिवाय हजारापर्यंत लोकवस्तीच्या आणि लायसन्सचं दुकान नसलेल्या गावात पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर अशी ठरावीक घरगुती औषधं मूळ बंद पॅकिंगमध्ये विकायला कायद्यातच सूट आहे. पण ती तेवढ्याच औषधांना. तिच्या आडून पूर्ण मेडिकल चालवता येत नाही.

---

गोडाऊनवाला

मी अमरावतीला स्टॉकिस्टकडं आहे. भाड्याच्या सर्टिफिकेटचं थोडं सांगतो, कारण आमच्या डोळ्यांसमोर होतं सगळं. लायसन्सच्या अटींतच आहे की जबाबदार फार्मासिस्ट बदलला तर महिन्याच्या आत अन्न व औषध प्रशासनाला कळवायचं. तपासणीला साहेब आले आणि फार्मासिस्ट हजर नसला तर दुकानाचं लायसन्स निलंबित होऊ शकतं, रद्दही. सर्टिफिकेट देणाऱ्याचं नावही कौन्सिलच्या नोंदवहीतून जाऊ शकतं. आणि फार्मासिस्ट नसताना औषध देणाऱ्याला कलम 42 खाली शिक्षेची तरतूद आहे. औषध देताना तिथं उभा कोण? तुमचा भाऊ. नफ्यातला हिस्सा तोंडी, जबाबदारी मात्र पक्की. ताई, मी तरी नाही म्हणेन.

पण एक दार उघडं आहे. होलसेलचं लायसन्स, फॉर्म 20 बी आणि 21 बी, याला फार्मासिस्टच लागतो असं नाही. दहावी पास आणि औषध विक्रीच्या कामाचा चार वर्षांचा अनुभव असलेला माणूसही तिथं जबाबदार व्यक्ती म्हणून चालतो. पदवीधर असेल तर एक वर्षाचा अनुभव पुरतो. भावाची वर्षं इथं कामी येतील. फक्त अनुभव कागदावर हवा. मालकाशी बिनसण्याच्या आधी अनुभवाचं पत्र आणि पगाराची नोंद मागून घ्या. मागाहून कुणी देत नाही.

---

रानहळद (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला समोर बसवून हे सगळं वाचून दाखवलं. फवारणीचं ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, मागच्या हंगामात असे लोक येऊन गेले माह्याकडं." आता मालकांना सांगणार आहे की सही करणार नाही, आणि फार्मासिस्ट नसतील तेव्हा चिठ्ठीचं औषध देणार नाही. नवीन दुकानालाही नाही म्हणणार. घरच्यांना मी समजावते.

होलसेलचा विचार त्याला आवडला, पण त्याचं मन काउंटरवरच आहे. पेशंटशी बोलल्याशिवाय करमत नाही म्हणतो. बारावीला त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी होतं. एवढ्या वर्षांनी डी. फार्म.ला प्रवेश मिळेल का? काउंटरवरची वर्षं ट्रेनिंगमध्ये धरतील का? नोकरी सांभाळून करता येईल का?

---

पांढरा एप्रन

बारावीला ते विषय असतील तर तो पात्र आहे. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांतून बारावीच्या गुणांवर होतो. शिक्षणात मधे खंड आहे, त्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. कॉलेज निवडताना फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या मान्यताप्राप्त यादीत त्याचं नाव आहे का ते स्वतः बघा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. एकदा फसवणूक झाली आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

कोर्स दोन वर्षांचा, नियमित हजेरीचा. पत्राद्वारे किंवा "फक्त परीक्षेला या" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. त्यामुळं पूर्ण वेळ नोकरी जमणार नाही, संध्याकाळची जमेल. पण ती अशा दुकानात, जिथं फार्मासिस्ट खरोखर बसतो. ट्रेनिंग किमान 500 तासांचं असतं आणि ते दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतरच करायचं, जुनी वर्षं त्यात धरत नाहीत. शिवाय डी. फार्म.नंतरच्या एक्झिट परीक्षेचे नियम 2022 मध्ये आले आहेत. प्रवेश घेताना त्याच्या बॅचला काय लागू आहे ते कॉलेजकडून लेखी घ्या.

ट्रेनिंगची वेळ आली की मला इथंच निरोप टाका. आमच्या दुकानात जागा असेल, आणि सूर्य-चंद्राची पाकिटं आमच्या मुलांनाही शिकायची आहेत.